सुईआधी विश्वास : वॉल्डेमार हाफकिन

परळची हाफकिन संस्था मुंबईकरांच्या परिचयाची आहे. पण ज्यांचे नाव तिला दिले, त्या वॉल्डेमार हाफकिन यांच्याविषयी आपल्याला फार थोडे ठाऊक असते. त्यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथील एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवर, म्हणजेच कॉलऱ्यावर लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली.

१८९३ मध्ये ते भारतात आले. बंगालमध्ये पटकीचा मुक्काम कायमचाच होता. पण परक्या साहेबाची सुई निरोगी माणसाने अंगात का टोचून घ्यावी, हा लोकांचा प्रश्न साहजिक होता. हाफकिन भारतीय डॉक्टरांना बरोबर घेऊन वस्त्यांमध्ये जात. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काठाल बागान वस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तेथे पटकीचे १० रुग्ण आढळले आणि त्यांपैकी ७ दगावले. हे दहाही जण लस न घेतलेले होते. शेजारच्या घरात दिसलेला हा फरक लोकांना पटणारा होता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि हाफकिन यांना तेथे पाचारण करण्यात आले. प्लेगचे जंतू वाढवून, उष्णतेने मारून त्यांनी अवघ्या काही महिन्यांत लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी प्रथम स्वतःच घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे लस घेतलेल्या १४७ कैद्यांपैकी दोघे आजारी पडले, पण कोणी दगावले नाही. लस न घेतलेल्या १७२ जणांपैकी १२ आजारी पडले आणि ६ मरण पावले.

याच काळात सरकारची प्लेगविरोधी मोहीम सक्तीवर चालली होती. घरांच्या झडत्या आणि रुग्णांना ओढून नेणे यांमुळे लोक आजार लपवू लागले. पुण्यात या संतापाची परिणती जून १८९७ मध्ये रँड यांच्या हत्येत झाली. दुसरीकडे तरुण आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि त्यांच्या अनुयायांची भीती कमी झाली.

पण कमावलेला विश्वास एका दिवसात गेला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात एकाच बाटलीतून लस दिलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांचे पद गेले. दोष प्रयोगशाळेचा नसून बाटली जागेवर उघडताना झालेल्या हलगर्जीपणाचा असावा, असे पुढे रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी मांडले. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते भारतात परतलेही. मात्र पूर्वीचे स्थान त्यांना मिळाले नाही.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आजही क्षयरोग वा कुष्ठरोग लपवला जातो, तेव्हा औषधाच्या अभावापेक्षा भीतीचा वाटा मोठा असू शकतो. ती भीती धाकाने जात नाही. शंका विचारणाऱ्याला समजेल असे उत्तर देणे, हाही उपचाराचाच भाग आहे.