समुद्रातलं 'फूल' लाकडाला लटकून तरंगायचं? मेरी अ‍ॅनिंग आणि सी लिलीची गोष्ट

कर्जत-खालापूरच्या डोंगरांत कितीही फिरलात तरी समुद्री जीवांचे जीवाश्म सापडणार नाहीत. राजमाची असो की माथेरान, इथला काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तयार झाला. समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचे खडक मात्र वेगळे असतात. त्यात प्राणी जसेच्या तसे दडलेले सापडतात. इंग्लंडमधल्या लाइम रीजिस गावाजवळचे कडे असेच आहेत. ते वाचायला शिकलेली बाई म्हणजे मेरी अ‍ॅनिंग.

कोण होत्या मेरी?

मेरी यांचा जन्म २१ मे १७९९ चा. वडील सुतारकाम करायचे आणि समुद्रकिनाऱ्यावर सापडलेले जीवाश्म पर्यटकांना विकायचे. १८१० मध्ये ते वारले आणि घरावर कर्ज राहिलं. जीवाश्म विकणं हा मग छंद उरला नाही, त्यावर चूल पेटू लागली.

१८११ मध्ये भाऊ जोसेफला एक भलीमोठी कवटी सापडली. पुढच्या वर्षी मेरी यांनी उरलेला सांगाडा शोधला. तो इक्थिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा होता. कुटुंबाला त्याचे २३ पाउंड मिळाले. १८२३ मध्ये त्यांनी प्लेसिओसॉरचा पूर्ण सांगाडा काढला. त्याची मान इतकी लांब होती की फ्रान्सचे नामवंत शास्त्रज्ञ क्युव्हिए यांना आधी तो खराच वाटला नाही. नंतर त्यांनाही मान्य करावं लागलं.

सी लिली म्हणजे काय?

याच कड्यांत सी लिली सापडायच्या. नाव फुलाचं असलं तरी हा प्राणी आहे, तारामाशाचा नातेवाईक. लांब देठ आणि वर पिसांसारखे हात. बहुतेक सी लिली तळाला चिकटून जगायच्या. पण लाइम रीजिसच्या पेंटाक्रिनाइट्स जातीच्या सी लिली कोळशासारख्या काळ्या पडलेल्या लाकडाला चिकटलेल्या आढळत. मेरी यांच्यासोबत काम करणारे भूवैज्ञानिक विल्यम बकलँड यांनी १८३६ मध्ये त्याचा अर्थ लावला: हे जीव तरंगत्या ओंडक्यांना धरून समुद्रात फिरत असावेत.

पावसाळ्यात उल्हास किंवा पाताळगंगेला पूर आला की ओंडके खाडीकडे वाहत जातात. असाच एखादा ओंडका समुद्रात वर्षानुवर्षं तरंगतोय आणि त्याच्या खाली सी लिलींचे झुबके लोंबतायत, असं चित्र डोळ्यासमोर आणा. शेवटी लाकूड जड होऊन बुडालं की अख्खी वसाहत तळाच्या चिखलात गाडली जायची.

हे ओंडके आधीच बुडालेले होते आणि सी लिली तळाशीच वाढल्या, असंही काही अभ्यासकांचं म्हणणं होतं. पण जर्मनीतल्या होल्झमाडेनच्या अशाच जीवाश्मांवर २०२० मध्ये झालेल्या अभ्यासाने तरंगण्याच्या बाजूने कौल दिला. अशी वसाहत दहा वर्षांहून जास्त काळ तरंगू शकत होती, असा त्याचा अंदाज आहे. लाकूड पोखरणारे आजच्यासारखे समुद्री जीव तेव्हा नव्हते, हे त्यामागचं एक कारण.

जीव धोक्यात, श्रेय दुसऱ्याला

नवे जीवाश्म उघडे पडायचे ते वादळ-पावसात दरड कोसळल्यावर. त्यामुळे मेरी यांना ऐन धोक्याच्या दिवसांतच कड्याखाली जावं लागे. १८३३ मध्ये दरड कोसळून त्यांचा कुत्रा ट्रे डोळ्यांदेखत गाडला गेला, त्या थोडक्यात वाचल्या. पावसाने भिजलेला डोंगर काय करू शकतो, हे जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी गमावलेल्या खालापूरला वेगळं सांगायला नको.

एवढं करून शोधनिबंधांवर नाव मात्र जीवाश्म विकत घेणाऱ्या पुरुषांचं लागे. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १९१९ पर्यंत महिलांना सदस्यत्वच दिलं नाही. मेरी यांचं शिक्षण जेमतेम, पण शास्त्रीय लेख मिळवून त्या हाताने उतरवून घेत आणि स्वतः प्राण्यांची चिरफाड करून शरीररचना समजून घेत.

९ मार्च १८४७ रोजी स्तनाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं, वय होतं ४७. २०१० मध्ये रॉयल सोसायटीने विज्ञानावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या दहा ब्रिटिश महिलांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. त्यांनी काढलेले सांगाडे आजही लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत.