स्वस्त गाडीचं इंजिन खोललं आणि स्पोर्ट्स कार तयार झाली: फर्डिनांड पोर्शे यांची गोष्ट

विंचूरहून लासलगावकडे जाताना एखाद्या टू-व्हीलर गॅरेजात इंजिन खोललेलं दिसलं, तर सिलिंडरभोवती पातळ पात्यांची रांग दिसते. गॅरेजवाले त्यांना फिन्स म्हणतात. पाणी नाही, रेडिएटर नाही, वाऱ्यानेच इंजिन थंड राहतं. १०० सीसीच्या बाईकला हे पुरतं. पण हीच युक्ती स्पोर्ट्स कारला वापरली तर?

पोर्शेच्या गाड्या अनेक दशकं याच युक्तीवर धावल्या. ज्यांच्या नावाने ही कंपनी ओळखली जाते, त्या फर्डिनांड पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ चा. गाव माफर्सडॉर्फ, आजच्या चेक प्रजासत्ताकात. वडील पत्र्याचं काम करायचे आणि मुलाने तेच करावं ही त्यांची इच्छा. मुलाला मात्र विजेचा नाद. त्याने किशोरवयातच घरात वीज खेळवली, मग व्हिएन्ना गाठलं. इंजिनिअरिंगची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. नावापुढचं डॉक्टर हे मानद पदवीचं.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची गाडी गाजली, ती चक्क इलेक्ट्रिक होती. मोटर थेट चाकात बसवलेली! पुढे ऑस्ट्रो-डाइम्लर, मग स्टुटगार्टची डाइम्लर. हुशारी अफाट, पण साहेबांशी पटायचं नाही. शेवटी १९३१ मध्ये त्यांनी स्टुटगार्टमध्ये स्वतःचं डिझाइन ऑफिस थाटलं.

सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी गाडी बनवायची, हे त्यांच्या डोक्यात बरीच वर्षं होतं. पण कंपन्यांबरोबरचे प्रयत्न उत्पादनापर्यंत पोचले नाहीत. पाठबळ मिळालं ते हिटलरच्या सरकारचं. १९३४ मध्ये काम मिळालं. अट अशी की किंमत १००० मार्कच्या आत हवी आणि इंजिन हवेवर थंड होणारं हवं. त्यामागे साधा हिशोब होता. सामान्य जर्मन माणसाकडे गॅरेज नव्हतं. गाडी रात्रभर बर्फात उभी राहणार. पाणीच नसेल, तर गोठणार काय?

हीच पुढे बीटल म्हणून जगभर पोचली. चार सिलिंडर, दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या, आडवे झोपलेले. इंजिन मागच्या बाजूला.

इथे पोर्शेंच्या कौतुकाला आवर घालावा लागतो. १९३७ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. गाडीसाठी सुमारे ३,३६,००० लोकांनी दर आठवड्याला पैसे भरले आणि नाझी राजवटीत त्यांतल्या एकालाही गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झालं आणि कारखाना लष्करी कामाला जुंपला गेला. तिथे युद्धकैदी आणि छळछावण्यांतल्या कैद्यांसह हजारो लोकांना सक्तीने राबवलं गेलं. कारखान्याच्या कारभारात पोर्शे वरच्या जागी होते. त्यांना राजकारणात रस नव्हता, असं त्यांच्या बाजूने सांगितलं जातं. पण राबणाऱ्यांना त्याने काय फरक पडला?

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी त्यांना अटक केली. सुमारे २० महिने ते कैदेत होते. मुलगा फेरी आधी सुटला होता. त्याने इटलीच्या चिसितालिया कंपनीसाठी रेसिंग कारच्या डिझाइनचं काम घेतलं आणि त्या पैशातून वडिलांना जामिनावर सोडवलं.

तोवर ऑफिस ऑस्ट्रियातल्या ग्मुंड गावी, एका जुन्या लाकडाच्या वखारीत हललं होतं. नवं इंजिन बनवायला ना पैसा, ना सामान. मग बीटलचंच इंजिन घेतलं.

हे इंजिन खोलायला सोपं. गिअरबॉक्सला धरणारे चार बोल्ट काढले की ते खाली उतरतं. क्रँककेस मधोमध दोन भागांत उघडते. प्रत्येक सिलिंडर सुटा, म्हणजे एक खराब झाला तर तेवढाच बदलायचा. डोकेदुखी वेगळीच. पाणी नसल्यामुळे उष्णता वाहून नेण्याचं बरंचसं काम ऑइल करतं, त्यामुळे ऑइलची वाट तुंबली किंवा फिन्समध्ये चिखल बसला की हेड तापलंच समजा. आणि क्रँककेसचे दोन भाग जोडीचे असतात. एक या इंजिनाचा, दुसरा त्या इंजिनाचा असं बसवलं, तर बेअरिंगची रेषा जुळत नाही. जुन्या गाड्या दुरुस्त करणारे म्हणून आधी ही जोडी तपासतात.

ग्मुंडमध्ये या इंजिनाची ताकद २५ वरून सुमारे ३५ हॉर्सपॉवरवर नेली. ८ जून १९४८ ला पहिल्या ‘३५६’ ला रस्त्यावर धावायची परवानगी मिळाली. नंतर सिलिंडरचा बोअर ७५ वरून ७३.५ मिलिमीटर केला. इंजिन १०८६ सीसीचं झालं, म्हणजे ११०० सीसीच्या रेसिंग गटात बसलं. नवी हेड्स आणि दोन कार्ब्युरेटर मिळून ताकद ४० वर गेली. अॅल्युमिनियमची बॉडी हाताने ठोकून बनवायची. ग्मुंडमध्ये अशा जेमतेम पन्नासेक गाड्या झाल्या, मग काम पुन्हा स्टुटगार्टला आलं.

ही गाडी मुलाची, असंच म्हणायला हवं. वडील थकले होते. ३० जानेवारी १९५१ ला स्टुटगार्टमध्ये त्यांचं निधन झालं. पाच महिन्यांनी फ्रान्समध्येच, ले मां च्या २४ तासांच्या शर्यतीत ‘३५६’ आपल्या गटात पहिली आली. पोर्शेच्या ‘९११’ मध्ये हवेवर थंड होणारं इंजिन १९९८ पर्यंत राहिलं.