बेळगावने ज्यांना जागा सोडायला लावली ते लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावात किर्लोस्कर रोडवर रोज हजारो माणसं खरेदीला येतात. हे नाव ज्यांच्यामुळे पडलं त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उद्योगाची सुरुवात याच शहरात केली आणि पुढे याच शहराने त्यांना कारखाना हलवायला लावला, हे मात्र नव्या पिढीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचं होतं. त्यासाठी ते मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे तिथे लक्षात आलं. मग रंग सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरीच सोडली. नोकरी गेली तरी त्यांच्यातला मास्तर मात्र गेला नाही.

बेळगावात थोरले बंधू रामुअण्णांबरोबर सायकलचं दुकान आधीच होतं. आता कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. नांगर कुणी घेईना! लोखंड लागलं की जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. आज हसू येतं, पण ज्याचं सगळं पोट एका तुकड्यावर, तो धोका कसा पत्करणार? पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. लक्ष्मणराव तक्रारी ऐकत, फाळ बदलत, पुन्हा करून बघत राहिले.

जरा बस्तान बसतंय तोच नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा खाली करायला सांगितली. त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात बांधकामाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनजवळचा माळ आणि बिनव्याजी दहा हजार रुपये देऊ केले. निवडुंग आणि सापांचा माळ होता तो. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. बेळगावचं त्यात काय गेलं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

वाडीत माणसं घडली, ती लक्ष्मणरावांच्या पद्धतीने. पदवी आहे का, हे ते आधी विचारत नसत. हात चालतो का, डोकं चालतं का, हे बघत. शंभुअण्णा जांभेकर पदवीशिवाय यंत्रांचे जाणकार झाले ते याच कारखान्यात. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालीवर ठेवलं. ज्यांना गाव उंबऱ्याशी उभं करत नव्हतं, त्यांच्या भरवशावर वाडी निर्धास्त झोपू लागली. वसाहतीत शिवाशीव पाळायला त्यांनी मनाई केली. त्या काळी हे नांगर विकण्याहून सोपं नव्हतं.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले.

मुलगा शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला शिकून १९२६ मध्ये परतला. पुढच्या काळात हरिहर, बंगळूर, पुणे इथे कारखाने निघाले. लक्ष्मणरावांनी पुढच्या पिढीला मोकळा हात दिला. आपल्याकडच्या कितीतरी घरच्या धंद्यांत म्हातारा शेवटपर्यंत किल्ल्या सोडत नाही, तिथे ही गोष्ट लहान नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले. पुढे सव्वा महिन्यात, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचना झाली. गुर्लहोसूर आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, किर्लोस्करवाडी मुंबई राज्यात राहिली. हरिहरचा कारखाना तिकडेच होता, आणि नांगर दोन्हीकडच्या शेतांत चालत होते.