पंडित विष्णु नारायण भातखंडे : गाणं वहीत उतरवणारा प्रवासी



गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि मी अडले. तिच्या आजीला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत होत्या. आजी आजारी होती. ओव्या वहीत लिहून ठेवते, पण चाल कशी लिहायची, असा तिचा प्रश्न होता. मी तिला आधी शब्द लिहायला सांगितलं, चालीचं नंतर बघू असं ठरलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा आजी राहिली नव्हती. वहीत सात ओव्या होत्या. शब्द सगळे होते, चाल नव्हती. माझ्याकडे मोबाईल असून एकदा घरी जाऊन आवाज भरून घ्यावा, हे मला सुचलं नाही. याची रुखरुख अजून आहे.

त्यानंतर मी चाल कशी लिहितात हे शोधायला लागले आणि एका माणसापाशी येऊन थांबले. नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण मुलांना त्यांच्याबद्दल आपण फारसं सांगत नाही. ते म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे. आजचा पाठ त्यांच्याविषयी.

बालपण आणि शिक्षण

भातखंडे यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. घर गवयाचं नव्हतं. वडील एका श्रीमंत व्यापाऱ्याकडे नोकरीला होते, पण मुलांनी शाळेबरोबर गाणंही शिकावं अशी त्यांची इच्छा होती. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर विष्णु सतार शिकू लागले. पुढे संगीतावरचे जुने संस्कृत ग्रंथही वाचू लागले.

1884 साली ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. ही संस्था पारशी मंडळींनी गाण्याच्या आवडीपोटी काढलेली होती. तिथे रावजीबुवा बेलबागकर आणि अली हुसेन खाँ यांच्याकडून त्यांनी धृपद आणि ख्यालाच्या भरपूर चिजा शिकून घेतल्या. दुसरीकडे अभ्यास चालूच होता. 1885 साली बी.ए. आणि 1887 साली एलएल.बी. झाले. काही काळ कराचीला आणि मग मुंबईत त्यांनी वकिली केली.

इथे पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. गाणं शिकलं म्हणून त्यांचा अभ्यास बुडाला नाही. उलट वकिलीने लावलेली सवय, म्हणजे प्रश्न विचारणं, पुरावा मागणं, कागद जपून ठेवणं, हीच पुढे गाण्याच्या कामी आली.

दुःख आणि निर्णय

1900 साली त्यांच्या पत्नीचं निधन झालं आणि 1903 साली मुलगीही गेली. घर रिकामं झालं. तेव्हा त्यांचं वय त्रेचाळीस. वकिली चांगली चालू शकली असती, पण ती त्यांनी सोडली आणि उरलेलं आयुष्य संगीताला दिलं. मुलांना हा भाग सांगताना मी घाई करत नाही. दुःख झाल्यावर माणूस हळूहळू कामाकडे वळू शकतो, हे मुलांना कळतं. त्यांच्याही घरी अशा गोष्टी घडलेल्या असतात.

तेव्हा अडचण काय होती?

आज आपण गाण्याच्या क्लासला फी भरतो आणि मूल शिकायला लागतं. तेव्हा तसं नव्हतं. राग, चिजा, ताना हे सगळं घराण्यांच्या पोटात होतं. उस्ताद आपल्या मुलाला शिकवत, फार तर वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या शिष्याला. काही दुर्मिळ चिजा तर लग्नात जावयाला आंदण म्हणून दिल्या जात, असं जुने लोक सांगतात.

त्यात उस्तादांना दोष देण्यासारखं काही नाही. शेतकऱ्याला जशी जमीन, तशी त्यांना चीज. तीच वाटून टाकली तर खायचं काय? पण याचा परिणाम असा झाला की एखादा म्हातारा गवई गेला की त्याच्याबरोबर शेकडो चिजाही जात. शिवाय एकच राग दोन घराण्यांत वेगवेगळ्या सुरांनी गायला जाई आणि नियम विचारला तर तो सांगणारा सहसा भेटत नसे. जुन्या ग्रंथात एक लिहिलेलं, मैफलीत दुसरंच चाललेलं. सामान्य घरातल्या मुलाने शिकायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करावी हेच समजत नसे.

प्रवास

भातखंडे घराबाहेर पडले. 1904 साली ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुराई असं करत एट्टयपुरम् या गावी पोहोचले. तिथे मुथुस्वामी दीक्षितरांच्या घराण्यातले थोर विद्वान सुब्बराम दीक्षितर राहत होते. भाषेची अडचण होती, तरी दोघांचं बोलणं झालं. व्यंकटमखी यांनी सतराव्या शतकात लिहिलेल्या चतुर्दंडीप्रकाशिका या ग्रंथाची प्रत भातखंडे यांच्या हाती आली. सगळे राग 72 मेळांत कसे बसवता येतात, याची मांडणी त्या ग्रंथात आहे. आपल्याकडच्या रागांचीही अशी शिस्तीत मांडणी का करू नये, हा विचार त्यांच्या मनात पक्का होत गेला.

पुढे 1907 आणि 1908 साली त्यांनी नागपूर, कलकत्ता, अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, मथुरा, जयपूर, बिकानेर असा मोठा प्रवास केला. गावात गेलं की ग्रंथालय कुठे आहे, जुनी पोथी कुणाकडे आहे, जाणकार गवई कोण, याची ते चौकशी करत. बरोबर प्रश्नांची यादी असे. दिवसभरात काय विचारलं, काय उत्तर मिळालं, हे ते रोजनिशीत लिहून ठेवत. कधी मान मिळाला, कधी टाळाटाळ झाली.

जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांच्या मुलांकडून त्यांनी घराण्यातल्या पुष्कळ चिजा मिळवल्या. रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांचं तर त्यांनी शिष्यत्व पत्करलं. कायद्याची पदवी घेतलेला, केस पिकू लागलेला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन बसला. आपल्यासारख्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्यांनी काय तयार केलं?

पहिली गोष्ट म्हणजे दहा थाट. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. आपण शब्दांच्या जाती शिकवतो, तसे त्यांनी रागांचे हे गट पाडले. सगळेच राग या गटांत नीट बसत नाहीत, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. पण शिकणाऱ्याला पहिली पायरी मिळाली, हे टीका करणारेही मानतात.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वरलिपी. ही इतकी सोपी आहे की पाचवीच्या मुलालाही कळते. कोमल सुराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमावर उभी रेघ. खालच्या सप्तकाचा सूर असेल तर अक्षराखाली टिंब, वरच्या सप्तकाचा असेल तर अक्षरावर टिंब. समेला गुणिलेची खूण आणि खालीला शून्य. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. मला ते उशिरा कळलं, एवढंच.

तिसरी गोष्ट म्हणजे लक्षणगीतं. रागाचे नियम, म्हणजे वादी सूर कोणता, कोणता सूर वर्ज्य, गायची वेळ कोणती, हे सगळं त्याच रागातल्या गाण्यात गुंफायचं. मूल गाणं शिकतं आणि नियम आपोआप पाठ होतो. पाढे चालीवर म्हणून घेणाऱ्या आपल्याला ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको. या रचनांत ते स्वतःचं नाव न घालता चतुर हे टोपणनाव घालत.

ग्रंथही असेच वेगळ्या नावांनी आले. संस्कृतमधला श्रीमल्लक्ष्यसंगीतम् चतुर पंडित या नावाने. मराठीतला हिंदुस्थानी संगीत पद्धती हा चार भागांचा ग्रंथ विष्णुशर्मा या नावाने. हा मराठी ग्रंथ गुरू आणि शिष्य यांच्या संवादात लिहिलेला आहे. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो. वर्गात चालतं तसंच! आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत त्यांनी गोळा केलेल्या अठराशेहून अधिक चिजा स्वरलिपीसह छापल्या. घराण्यांच्या पेटीतलं धन असं सगळ्यांसाठी खुलं झालं.

शाळा आणि परिषदा

1916 साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या पाठिंब्याने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. उस्ताद, पंडित आणि अभ्यासक एकत्र बसून रागांवर चर्चा करू लागले. 1918 साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झालं. 1926 साली लखनौला संगीत महाविद्यालय निघालं. तेव्हाच्या गव्हर्नरांच्या नावावरून त्याला मॅरिस कॉलेज म्हणत. पुढे त्याला भातखंडे यांचं नाव मिळालं. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तिथे अनेक वर्षं प्राचार्यपद सांभाळलं.

याच काळात दुसरे विष्णु, म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर, 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं सामान्य घरांत नेत होते. दोघांची पद्धत वेगळी, स्वरलिपीही वेगळी. पण गाणं घराण्याच्या दाराबाहेर यावं, हे दोघांचं ध्येय एकच.

1933 साली भातखंडे यांना पक्षाघात झाला. तीन वर्षं आजारपणात गेली आणि 19 सप्टेंबर 1936 रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, त्यांचं निधन झालं. 1961 साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं.

मुलांना सांगताना

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कागदावर सगळं गाणं उतरत नाही. मींड, सुराचा लगाव, आवाजातला जिव्हाळा हे गुरूसमोर बसूनच मिळतं. पुस्तकाने गुरू संपत नाही. पण गुरू गेल्यावर काहीच उरू नये, यापेक्षा वहीत काहीतरी उरलेलं बरं, असं मला वाटतं.

वर्गात करता येतील असे काही उपक्रम :

1. शाळेत पेटी असेल तर परिपाठातल्या प्रार्थनेची पहिली ओळ सा रे ग म मध्ये फळ्यावर लिहा. मी पेटी जेमतेम वाजवते, तरी एका ओळीला दोन दिवस पुरले.
2. भारताच्या नकाशावर भातखंडे यांचा प्रवास मुलांकडून रेघेने जोडून घ्या. भूगोलाचा तास आपोआप होतो.
3. प्रत्येक मुलाने घरातल्या मोठ्या माणसाला विचारण्यासाठी पाच प्रश्न तयार करावेत आणि उत्तरं वहीत लिहावीत.
4. आजी-आजोबांना येणारी एक ओवी, अंगाईगीत किंवा भारूड मोबाईलवर भरून घ्यावं. पालकांनी यात मदत करावी. आणि हे काम सुट्टीनंतर नको, याच आठवड्यात करावं.

ती मुलगी आता पाचवीत आहे. तिच्या आईला आजीच्या एका ओवीची चाल थोडीफार आठवते. आम्ही तिघींनी मिळून ती पेटीवर शोधली आणि अक्षरांखाली टिंबं, रेघा देत वहीत लिहिली. बरोबर आहे की नाही, हे सांगणारं आता कुणी नाही. पण सातातली एक ओवी तरी आता चालीसकट वहीत आहे.