कर्मयोगी श्री गाडगे महाराज आणि गावाचे आरोग्य

श्री गाडगे महाराजांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या ज्ञातीत सापडावयाचे नाही. हातात खराटा, अंगावर चिंध्या, डोक्यावर मातीचे खापर हे रूप शाळेतील लहान मुलेही ओळखतात. परंतु खराटा हाती घेण्यापूर्वी त्यांनी जे एक कृत्य केले, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आणि आमच्या अल्पमतीप्रमाणे त्यांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ तेथेच आहे. यंदाच्या स्मरणिकेसाठी आरोग्याविषयी काही लिहावे अशी सूचना आम्हांस झाली, तेव्हा वैद्यकाचे पुस्तक उघडण्यापेक्षा हे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवणे आम्हांस अधिक उचित वाटले.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. घरची स्थिती वाईट नव्हती. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे बारसे असो वा बारावे, देवाचा नवस असो वा ज्ञातीची पंगत, बकऱ्यावाचून व दारूवाचून कार्य सिद्धीस गेले असे कोणी मानीत नसे. ज्ञातीच्या या मानापायीच झिंगराजींस व्यसन जडले व त्यातच ते अकाली निवर्तले. सखुबाई लहानग्या डेबूस घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे डेबूजींनी गुरे राखली, नांगर धरला, शेत पिकवून दाखविले. पुढे सावकाराच्या कागदपत्रात मामांची जमीन गुंतली. अक्षरशत्रू माणसाचा अंगठा किती महाग पडतो हे त्यांनी त्या वयात पाहिले, आणि स्वतः शाळेचे तोंड न पाहिलेला हा पुरुष आयुष्यभर मुलांना शिकवा म्हणून सांगत राहिला.

आता ते कृत्य. डेबूजींना कन्या झाली व बारशाचा दिवस ठरला. ज्ञातीची मंडळी नेहमीच्या अपेक्षेने पंगतीस बसली. पानावर पाहतात तो मांस नाही आणि दारूचाही पत्ता नाही. सगळे गोडाधोडाचे जेवण! मंडळी रुष्ट झाली नसती तरच नवल. परंतु यजमान डगमगला नाही. ज्या पंगतीने बाप नेला ती पंगत आपल्या अंगणात पुन्हा बसू द्यावयाची नाही, हा त्याचा निर्धार होता. त्या वेळी तो महाराज नव्हता, संत नव्हता. चारचौघांसारखा संसारी कुणबीक करणारा तरुण होता. पाठीशी शिष्य नव्हते, सरकार नव्हते. परक्यांस उपदेश करणे सोपे असते, स्वतःच्या भावकीस रुचणार नाही असे पान वाढणे कठीण असते.

येथे थोडे विषयांतर करतो, ज्ञातिबांधवांनी क्षमा करावी. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या उलवे परिसरातील भातशेती व मिठागरे सिडकोकडे गेली. विमानतळासाठी दहा गावे हलली, उलव्याची टेकडी उतरविली गेली, नदीचा प्रवाह वळला. जमिनीबरोबर कष्टाची सवय गेली आणि मोबदल्याचा पैसा आला. त्या पैशाला सर्वांत मोठी वाट कोठे फुटली, तर हळदीच्या मांडवात. एका रात्रीच्या हळदीला किती पेट्या लागल्या यावर घराची प्रतिष्ठा मोजली जाते. पंचविशीतील मुले त्या मांडवात पहिला पेला उचलतात, आणि चाळिशीत यकृताच्या विकाराने त्यांना घेऊन भाऊबंद मुंबईच्या इस्पितळांचे उंबरठे झिजवितात. आम्ही शिकविलेल्या मुलांपैकी काहींच्या दहाव्यास जाण्याचा प्रसंग आमच्यावर आला आहे. आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजून घेणारे आपण, त्याच आठवड्यात हळदीचे निमंत्रण कसे पाळतो हे पाहिले म्हणजे शिबिराचा खर्च व्यर्थ वाटू लागतो. असो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. पुढे कित्येक वर्षे ते गावोगाव भटकले. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात मातीचे गाडगे; त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. त्यांची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. गावात शिरले की कोणाशी न बोलता ते रस्ता झाडू लागत, तुंबलेली गटारे मोकळी करीत. हा वेडा कोण म्हणून लोक जमत. काहींना लाज वाटे, काही खराटा घेऊन पुढे येत. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. सकाळी हाताने घाण उपसणाऱ्या माणसाने रात्री दारू, कर्ज, पशुबळी व शिवाशीव यांविषयी प्रश्न विचारला, की श्रोत्यांस उत्तर देणे भागच पडे.

पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे यात्रेकरू चिखल तुडवीत नदीत उतरत. तेथे महाराजांनी घाट बांधविला. पंढरपूरची गोष्ट याहून मोठी. त्या काळी वारीत पटकीची साथ उद्भवली, की परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर ती गावोगाव पोहोचे. हजारो माणसे वाळवंटात उघड्यावर राहत, तेथेच विधी उरकीत व तेच पाणी पीत. रोग देवीच्या कोपाने होत नाही, विष्ठा पाण्यात मिसळल्याने होतो, हे आज प्रत्येक विद्यार्थी जाणतो. महाराजांनी ते वाळवंट झाडून लोकांच्या गळी उतरविले. ज्यांना इतरांच्या धर्मशाळेत पाऊल ठेवता येत नसे, त्यांच्यासाठी त्यांनी तेथे १९१७ साली चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली. नाशिक, आळंदी, देहू येथेही त्यांच्या धर्मशाळा झाल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले; पण भाकरी मात्र ते गाडग्यातच मागून खात.

आपल्या उलव्यात आज पटकी नाही. डेंग्यू व हिवताप आहेत. डेंग्यूचा डास घाण गटारापेक्षा स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो: गच्चीवरील पिंप, टाकलेला टायर, फ्रिजमागील ताटली, नव्या इमारतीच्या पायातील खड्डा. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी केली, तर डासांची ती पिढी तेथेच संपते. यास औषध लागत नाही की अर्ज लागत नाही. परंतु एका घराने करून भागत नाही, संपूर्ण आळीने एकाच दिवशी करावे लागते. आमच्या आळीत पाणी ओतून टाकण्यास सांगितले, तर हे काम सिडकोचे की ग्रामपंचायतीचे, यावरच तास-तास वाद होतो. महाराज असते तर वाद संपेपर्यंत अर्धी आळी कोरडी झाली असती.

रुग्णसेवेकडेही त्यांचे लक्ष होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून रोगी येत आणि त्यांचे नातलग पदपथावर निजत. त्यांच्यासाठी १९५४ साली महाराजांनी तेथे धर्मशाळा बांधविली. त्यांच्या नावाने दादर येथे चालणाऱ्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांस व त्यांच्या आप्तांस आसरा मिळतो.

१९५६ च्या डिसेंबरात महाराजांची प्रकृती ढासळली, तरी प्रवास थांबला नव्हता. २० डिसेंबर रोजी अमरावतीनजीक वलगाव येथे, पेढी नदीच्या परिसरात, मोटारीतच त्यांचा देह पडला. आपले देऊळ बांधू नये, मूर्ती बसवू नये, असे त्यांनी शिष्यांस बजावले होते. लोकांनी ऐकले नाही. अमरावतीस त्यांची समाधी झाली. २००० साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, आणि बक्षिसाच्या निमित्ताने का होईना, राज्यातील पुष्कळ गावांनी प्रथमच आपली गटारे स्वतःच्या हातांनी उपसली.