झोपेचं गुपित उकलणारा गोव्याचा पाद्री

गोव्याच्या ट्रिपला गेलं की पणजीत मांडवीकाठी, जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा दिसतो. झगा घातलेला माणूस हात पुढं करून उभा, अन् समोर एक बाई मागं कलंडलेली. आपल्या नांदेड-लातूरकडच्या बायकांना वाटावं, हा मेला त्या बाईला करतोय तरी काय! पण मैत्रिणींनो, माणूस भला होता बरं का. बाई अशी गुंगीत जाते ती कुणाच्या जादूनं नाही, तिच्याच मनाच्या ताकदीनं, हे जगाला आधी सांगणाऱ्यांतला तो एक. नाव आबे फारिया. आबे म्हणजे फ्रेंच भाषेत पाद्री.

जन्म १७५६ चा, बारदेशातल्या कांदोळी गावचा. आई रोझा मारिया पैसेवाल्या घरची. वडील कायतान पाद्री व्हायचं शिकता शिकता संसारात पडलेले. संसार काही टिकला नाही. चर्चच्या परवानगीनं दोघं वेगळी झाली. वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात नन झाली अन् पुढं त्याच मठाची प्रमुख. वडिलांबद्दल बरंच लिहिलं गेलं, आईच्या वाट्याला मात्र दोन ओळी! १७७१ मध्ये वडील लेकाला घेऊन जहाजानं लिस्बनला गेले. पंधरा वर्षांचं लेकरू गेलं ते पुन्हा गोव्यात आलंच नाही.

रोममध्ये शिकून १७८० ला तो पाद्री झाला. गोव्यात एक गोष्ट सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला फारिया उभा राहिला अन् समोरचा थाट बघून त्याची बोबडीच वळली. शब्द फुटेना. तेव्हा जवळच बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत सांगितलं, की समोर बसलीय ती सगळी भाजी आहे, काप भाजी. झालं! भीती पळाली आणि प्रवचन सुरळीत झालं. एवढ्या एका वाक्यानं आपल्या मनात असा काय फरक पडला, हा विचार म्हणे तिथूनच त्याच्या डोक्यात बसला.

पुढं १७८७ मध्ये गोव्यात पिंटोंचा कट उघडकीला आला. चर्चमध्ये गोवेकरांना डावललं जातं म्हणून तिथले पाद्री चिडले होते. त्या प्रकरणात या बापलेकांवरही संशय आला, आणि फारिया पॅरिसला गेला. तिथं राज्यक्रांतीची धामधूम. त्यातही हा पठ्ठ्या १७९५ च्या उठावात एका तुकडीच्या पुढं होता.

तेव्हा युरोपात मेस्मर नावाच्या डॉक्टरचा बोलबाला होऊन गेला होता. माणसाच्या अंगातून न दिसणारा एक चुंबकी प्रवाह वाहतो, तो हातवारे करून वळवला की आजार बरे होतात, असं त्याचं म्हणणं. राजानं १७८४ मध्ये चौकशी समिती नेमली, तिनं असा प्रवाह नसल्याचं सांगितलं. पण मग बायामाणसं गुंगीत जातात, त्यांना बरं वाटतं, ते कशानं?

फारियानं १८१३ पासून पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर जाहीर प्रयोग सुरू केले. प्रवेशाला पाच फ्रँक. गर्दी व्हायची, त्यात बायका पुष्कळ. समोरच्याला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटून फक्त झोपेचा विचार करायला लावायचं आणि मग मोठ्यानं झोपायचा हुकूम द्यायचा. काही जण खरंच गाढ जात, काहींवर ढिम्म परिणाम होत नसे. फारियाचं म्हणणं असं, की माझ्या अंगात काही शक्ती असती तर सगळेच झोपले असते. म्हणजे किल्ली झोपणाऱ्याच्या हातात आहे! मनात आणलं असतं तर बाबा बनून पैसा करता आला असता. यानं स्वतःच्या हातानं तो धंदा मोडला.

त्याबद्दल काय मिळालं? चर्चवाले म्हणाले सैतानी काम, चुंबकवाल्यांचा तर पायच मोडला. एका नटानं झोपल्याचं सोंग केलं आणि भर सभेत डोळे उघडून त्याची फजिती केली. १८१६ मध्ये त्याच्यावर फार्सही आला. खेळ बंद पडले. मुलींच्या एका संस्थेत पाद्री म्हणून नोकरी करत त्यानं पुस्तक लिहिलं, आणि १८१९ मध्ये मेंदूच्या झटक्यानंच तो गेला. थडग्यावर नावसुद्धा नाही. त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. ज्यांचं रक्त पातळ ते लवकर झोपतात, हा त्याचा अंदाज साफ चुकला.

मूळ मुद्दा मात्र टिकला. फ्रान्समधल्या नान्सी गावच्या डॉक्टरांनी पुढं त्याच्याच वाटेनं संमोहनाचे उपचार केले. १९९७ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या शास्त्रज्ञांनी संमोहित माणसांचे हात गरम पाण्यात ठेवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. पाणी तेवढंच गरम. पण त्रास कमी वाटेल किंवा जास्त वाटेल, असं सुचवलं की दुखण्याचा त्रास जाणवणाऱ्या मेंदूच्या भागाचं काम खरंच बदललेलं दिसलं.

आपल्याकडं बाईच्या अंगात आलं की दोनच तर्क, देवी नाहीतर ढोंग. तिसरंही असू शकतं. तिचं मन थकलेलं असेल, घरात बोलायची सोय नसेल, आणि अंगात आल्यावरच घरचे तिचं ऐकत असतील. अशा बाईला अंगारेधुपारेवाल्याकडं नेऊन मारहाण करू नका. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. आणि घरातून निघणंच जमत नसेल, तर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, त्याला पैसे लागत नाहीत.