संत चार्ल्स बोरोमियो आणि मिलानचा सहा आठवड्यांचा आगमनकाळ

आमच्या रोमन उपासनेत आगमनकाळाचे रविवार चारच. परंतु इटलीतील मिलान नगरात संत अँब्रोस यांच्या नावाने चालत आलेली जी प्राचीन उपासनापद्धती आहे, तीत हा काळ सहा रविवारांचा असून, ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिन यांच्या सणानंतर येणाऱ्या रविवारी त्यास प्रारंभ होतो. ही दीर्घ प्रतीक्षा आजवर टिकून राहिली, त्यात ज्या महापुरुषाचा मोठा वाटा आहे, त्याचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

संत चार्ल्स यांचा जन्म २ ऑक्टोबर १५३८ रोजी माज्जोरे सरोवराकाठच्या आरोना येथील गढीत, धनाढ्य सरदार कुळात झाला. त्यांचे मामा १५५९ साली चौथे पायस या नावाने पोपपदी आरूढ झाले व त्यांनी पुढच्याच महिन्यात अवघ्या एकवीस वर्षांच्या या भाच्यास कार्डिनल केले. नातलगांवर अशी मेहेरनजर करणे आम्हांस रुचत नाही; पण या निवडीने पवित्र सभेचे कल्याणच झाले, हे कबूल केले पाहिजे. १५६३ साली ट्रेंटची धर्मपरिषद तडीस नेण्यात त्यांनी अपार श्रम घेतले. त्याच वर्षी ७ डिसेंबरला, म्हणजे संत अँब्रोस यांच्याच सणादिवशी, त्यांना महागुरुदीक्षा मिळाली.

ट्रेंटनंतरचा काळ एकसूत्रीपणाचा होता. पाचवे पायस यांनी १५७० साली सर्वत्र एकच मिस्साग्रंथ लागू केला. मात्र दोनशे वर्षांहून जुन्या पद्धतींस त्यांनी मुभा ठेवली. परिषदेचे नियम चार्ल्स यांच्याइतक्या कठोरपणे क्वचितच कोणी अमलात आणले असतील. तरीही आपल्या नगराची जुनी उपासना त्यांनी सोडली नाही. चौथ्या रविवारी प्रभूच्या यरुशलेमप्रवेशाचे शुभवर्तमान वाचावयाचे आणि सहावा रविवार पवित्र मातेच्या चिंतनात घालवावयाचा, असा तो संथ क्रम आहे. आगमनकाळावर त्यांनी लोकांस एक पत्रही लिहिले. प्रभू एकदाच आला असे नव्हे, त्याचे येणे आपल्यासाठीही आहे, हा त्याचा आशय असून, त्यातील उतारा आज रोमन प्रार्थनाविधीतही वाचला जातो. येथे एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. मोंझाचे लोक रोमन पद्धतीने उपासना करीत. त्यांच्यावर मिलानची पद्धती लादण्याचा चार्ल्स यांनी यत्न केला, पण लोकांनी तो हाणून पाडला. जी मोकळीक स्वतःच्या नगरास हवी, ती शेजाऱ्यांस देणे संतांनाही जड गेले!

१५७६ साली मिलानात प्लेगने कहर केला. ज्यांस पळणे शक्य होते ते पळाले. चार्ल्स मात्र राहिले. त्यांनी घरातील पडदे फाडून गरिबांस वस्त्रे करविली आणि रुग्णांस स्वहस्ते पवित्र संस्कार दिले. हिवाळ्याच्या तोंडी सर्व नगरास घरांत कोंडून राहण्याची आज्ञा झाली. तेव्हा त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारविल्या, म्हणजे खिडकीतून मिस्सा पाहता यावी. दिवसातून सात वेळा घंटा होई आणि बंद दारांआडचे लोक खिडक्यांशी येऊन प्रार्थना म्हणत. त्या वर्षीचे सहा आठवडे मिलानकरांनी असे काढले.

उपवास व श्रम यांनी शरीर झिजून ३ नोव्हेंबर १५८४ रोजी रात्री, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. १६१० साली ते संतपदी आरूढ झाले. त्यांच्या देहास महामंदिरात, मुख्य वेदीखाली विश्रांती मिळाली, आणि पंधरा दिवसांनी, १८ नोव्हेंबरच्या रविवारी, त्याच वेदीवर मिलानचा आगमनकाळ सुरू झाला.